पत्त्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर

आधीच माफी मागून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझ्याकडे सगळा आनंदीआनंद आहे. पण आपल्या मराठी विभागाची संपादिका नेमकी माझीच रूममेट निघाली. एकाच खोलीत राहून तिच्यापासून पळणार कुठे? लेख दिल्याशिवाय इस्त्री मिळणार नाही अशी धमकी तिने दिली, आणि सोमवारी ओरल होती. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, हा लेख एका इस्त्रीच्या बदल्यात लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

सुरुवात एका गेमपासून करते. माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत होता. परत आल्यावर सामान आवरताना त्याने त्याचा जुना निंटेंडो डीएस माझ्या हातात ठेवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे वहीसारखं मिटणारं, खिशात मावणारं खेळण्याचं यंत्र. त्याला वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रीन, आणि खालच्यावर काडीने रेघोट्या मारता येतात. २००४ साली बाजारात आलेली ही वस्तू म्हणजे आजच्या हिशोबाने म्हातारीच. तिच्याबरोबर एकच गेम होता, ‘ग्लोरी ऑफ हेराक्लीज’. जपानमध्ये तो २००८ साली आला आणि अमेरिकेत २०१० साली.

हा जपानी पद्धतीचा रोल प्लेइंग गेम आहे. म्हणजे आपण एक पात्र व्हायचं, सोबती गोळा करायचे, गावोगाव हिंडायचं, आणि लढाईची वेळ आली की पत्त्यांसारखी आळीपाळीने चाल करायची. गोष्ट मात्र सगळी ग्रीक पुराणातली. नायक क्रीट बेटाच्या किनाऱ्यावर वाहत येतो. त्याला स्वतःचं नावगाव काही आठवत नाही, आणि गंमत म्हणजे तो मरतही नाही. मग त्याच्यासारखेच आणखी अमर लोक भेटत जातात. त्यातला एक धिप्पाड गडी स्वतःला हेराक्लीज म्हणवतो. पुढचं सांगत नाही, कोणाला खेळायचा असेल तर मजा जाईल.

या गेमवरून आमच्या खोलीत दोन रात्री वाद झाला. माझ्या रूममेटचं मत असं की चित्रं इतकी ओबडधोबड आहेत की देव कोणता आणि खांब कोणता हे कळत नाही. लढाया संथ आहेत हे मीही मान्य केलं. मंत्राचा जोर वाढवायचा म्हणून दरवेळी काडीने तेच तेच छोटे खेळ खेळावे लागतात, त्याचाही दहा तासांनंतर कंटाळा येतो. पण गोष्ट माणसाला धरून ठेवते. आपण कोण हेच माहीत नसलेला माणूस आणि मरणाची सोय नाही, ही कल्पनाच भारी आहे. शाळेत सिस्टरनी इकारस, मिडास वगैरे गोष्टी शिकवल्या होत्या, तेव्हा त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या. इथे मात्र मी सबमिशन सोडून पहाटे तीनपर्यंत जागले. तेही आजच्या साध्या मोबाइलच्या पासंगालाही न पुरणाऱ्या यंत्रावर!

मग इंजिनिअरिंगवाल्यांना पडतो तो प्रश्न मलाही पडला. हे बनवलं कोणी? दोन स्क्रीन, मिटायची बिजागरी, डाव्या अंगठ्याखालचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण, हे सगळं सुचलं कोणाला? शोधत गेले तेव्हा कळलं की या यंत्रावर काम करणारे लोक वेगळे होते, पण त्यातल्या बऱ्याचशा कल्पनांचं मूळ एका अशा माणसाकडे जातं जो हे यंत्र बाजारात येण्याच्या सात वर्षं आधीच वारला होता. त्याचं नाव गुनपेई योकोई. आज मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे. आणि मधून मधून थोडं माझ्या बाबांबद्दलही. ते का, ते कळेलच.

योकोईचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतोमध्ये झाला. त्याने तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. म्हणजे आपल्याच ब्रँचचा! आणि अभ्यासातही आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखाच. गुण यथातथा, नाद मात्र भरपूर. मोटारी, नाच, छोट्या रेल्वेगाड्यांची मॉडेल्स. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी त्याला घेतलं नाही. वर्गमित्र बड्या कंपन्यांमध्ये गेले आणि हा १९६५ साली घराजवळच्या एका कंपनीत चिकटला. त्या कंपनीचं नाव निंटेंडो. नाव ऐकून भुवया उंचावू नका. तेव्हाची निंटेंडो म्हणजे १८८९ पासून हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापणारा क्योतोतला एक कारखाना होता. मालक हिरोशी यामाउची यांनी धंदा वाढवावा म्हणून टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट भाताची पाकिटं काढून पाहिली, पण काही जमलं नव्हतं.

अशा ठिकाणी योकोईला काम मिळालं ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचं. म्हणजे मेंटेनन्सचं.

हा शब्द वाचला आणि मी थांबले. माझे बाबा साखर कारखान्यात मेंटेनन्सला फिटर आहेत. हंगाम सुरू असताना रात्री-अपरात्री बोलावणं येतं, आणि हंगाम संपला की पंप, व्हॉल्व्ह, रोलर सगळं उघडून पुन्हा जोडायचं. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये बाकीच्या मुलींचे वडील डॉक्टर, वकील, बिल्डर. दरवर्षी जूनमध्ये एक फॉर्म भरायचा असे आणि त्यात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी बिनदिक्कत इंजिनिअर लिहायचे. बाबांना ते माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

तर योकोई. यंत्रं नीट चालू असली की मेंटेनन्सच्या माणसाला फारसं काम नसतं. त्या मोकळ्या वेळात त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी एक वस्तू बनवली. एकमेकींवर आडव्या-तिडव्या खिळवलेल्या पट्ट्या, जुन्या लिफ्टच्या सरकत्या जाळीच्या दारासारख्या. मुठी जवळ आणल्या की पट्ट्या लांब जातात आणि टोकाचा चिमटा दूरची वस्तू पकडतो. एक दिवस कारखान्यात फेरी मारताना मालकांनी ते पाहिलं आणि त्याला बोलावणं धाडलं. योकोईला वाटलं, आता काही आपली धडगत नाही. कामाच्या वेळेत खेळत बसला म्हणून हातात नारळच मिळणार! पण यामाउचींनी त्यातून विकता येईल असं खेळणं तयार करायला सांगितलं. १९६६ साली ते ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. पत्त्यांचा कारखाना खेळण्यांकडे वळला तो असा, एका मेंटेनन्सवाल्याच्या रिकामपणच्या उद्योगामुळे.

आमच्या घरामागे पेरूचं झाड आहे. वरचे पेरू काढायला बाबांनी एक आकडी केली होती. लांब बांबू, टोकाला दोन वाकवलेल्या पट्ट्यांचा जबडा, आणि खाली हाताशी सायकलचा ब्रेक. ब्रेक दाबला की तार ओढली जाते, जबडा मिटतो आणि पेरू देठासकट अलगद खाली येतो. एकही पेरू फुटत नसे. आठवीत असताना वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणी घरी येणार होत्या, तेव्हा ती आकडी मी न्हाणीघराच्या मागे लपवून ठेवली होती. भंगाराची वस्तू कशाला दिसायला हवी, असं वाटलं. अल्ट्रा हँडचं चित्र पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला आधी आठवली ती आकडी. नंतर आठवलं ते माझं लपवणं.

अल्ट्रा हँडनंतर योकोईची नेमणूक खेळणी शोधून काढायच्या कामावर झाली. १९६९ साली त्याने ‘लव्ह टेस्टर’ काढला. दोघांनी एकेक मूठ पकडायची आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. मग काटा हलतो आणि प्रेम किती ते दाखवतो. आतमध्ये काय? अंगातून जाणारा किंचितसा विद्युतप्रवाह मोजणारं साधं गॅल्व्हॅनोमीटर! फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आपण तेच गॅल्व्हॅनोमीटर घेऊन जांभया देतो. योकोईने ओळखलं की काटा किती हलतो याला फारसं महत्त्व नाही, खरी गंमत हात धरायला निमित्त मिळण्यात आहे.

माझं सर्वांत आवडतं खेळणं १९७२ सालचं. तेव्हा रिमोटवर चालणाऱ्या गाड्या फार महाग होत्या, कारण डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे अशा प्रत्येक हालचालीसाठी वेगळी सोय लागायची. योकोईने सगळं काढून टाकलं आणि फक्त डावीकडे वळणारी गाडी बनवली, ‘लेफ्टी आरएक्स’. ऐकायला विनोद वाटतो. पण शर्यतीचा रस्ता गोल असेल तर डावीकडे वळण्यापलीकडे लागतं काय? गाडी स्वस्त झाली आणि सामान्य घरातल्या मुलांना शर्यत खेळता आली.

इथे त्याची विचार करण्याची रीत दिसते. तिला त्याने एक नावही दिलं होतं. मराठीत सांगायचं तर कोमेजलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा आडव्या अंगाने विचार करायचा. कोमेजलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. जे बाजारात मुरलंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत आणि म्हणूनच ज्याच्याकडे हुशार लोक बघेनासे झालेत, ते. आणि आडव्या अंगाने म्हणजे ज्या कामासाठी ते निघालं त्या कामाला सोडून भलत्याच ठिकाणी ते वापरता येतं का ते पाहायचं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ‘गेम अँड वॉच’. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये कॅल्क्युलेटरची जोरदार स्पर्धा लागली होती. त्या मारामारीत कॅल्क्युलेटरचे एलसीडी आणि चिप कवडीमोल झाले. एकदा शिंकान्सेन, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने जाताना योकोईला एक नोकरदार दिसला. बिचारा कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. बघणारे हजार असतील, पण योकोईच्या डोक्यात आलं की मोठ्या माणसांनाही प्रवासात खेळायला काहीतरी हवं असतं, फक्त ते चारचौघांत दिसता कामा नये. पुढे एके दिवशी मालकांचा ड्रायव्हर नव्हता म्हणून योकोईला त्यांची गाडी चालवायला बसवलं. मोटारींचा नाद इथे कामाला आला! गाडी चालवता चालवता त्याने ही कल्पना यामाउचींच्या कानावर घातली. मालक फारसं काही बोलले नाहीत, पण नंतर शार्प कंपनीच्या लोकांशी बोलणी झाली. २८ एप्रिल १९८० रोजी पहिला गेम आला, ‘बॉल’. एक माणूस चेंडू झेलतो, एवढंच. खेळ नको असेल तेव्हा तेच यंत्र घड्याळ. अकरा वर्षांत या मालिकेतली ४ कोटी ३० लाखांच्या वर यंत्रं जगभर खपली. आपल्याकडे जत्रेत मिळणारा, ठोकळे रचायचा तो ब्रिक गेम आठवतोय? त्याचा पडदाही याच जातीचा, ठरावीक तुकडे उमटवणारा एलसीडी.

१९८२ साली याच मालिकेत ‘डाँकी काँग’ आला. मूळचा गेम १९८१ चा, शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकाराने योकोईच्या देखरेखीखाली केलेला. तो खिशात आणायचा तर चार दिशांसाठी दांडा हवा. पण दांडा खिशात अडकणार! म्हणून योकोईने सपाट, अधिकच्या चिन्हासारखं बटण केलं. त्याने अंगठ्याला न बघता दिशा कळते. त्या यंत्राला दोन पडदे होते आणि ते मिटायचं. म्हणजे माझ्या आतेभावाच्या डीएसचं आजोबाच! २२ वर्षांनी कल्पना तशीच्या तशी परत आली होती.

याच काळात योकोईच्या हाताखालच्या लोकांनी ग्रीक पुराणावरही एक गेम केला, १९८६ सालचा ‘किड इकारस’. त्यात पिट नावाचा पंखवाला पोरगा मेडुसाशी लढून पालुतेना देवीला सोडवतो. ही पालुतेना म्हणजे पॅलस अथेना. पण सगळं इतकं गंभीर नाही. त्यात एक जादूगार आहे, तो आपल्याला चक्क वांगं बनवून टाकतो! मेसमध्ये बुधवारी भरलं वांगं आलं की मला आता पिट आठवतो.

मग आला १९८९. २१ एप्रिलला जपानमध्ये ‘गेम बॉय’ निघाला. आपल्या सीनिअर्सनी ज्या ८०८५ वर रात्री जागवल्या, त्याच घराण्यातला आठ बिटांचा प्रोसेसर, ८ किलोबाइट मेमरी, १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा पडदा. रंग नाहीतच, हिरवट पडद्यावर चार छटा. त्याच वर्षी अटारीने रंगीत ‘लिंक्स’ आणला, पुढच्या वर्षी सेगाने रंगीत ‘गेम गिअर’. कागदावर बघितलं तर गेम बॉय चारी मुंड्या चीत व्हायला हवा होता. पण त्या रंगीत यंत्रांना सहा सहा सेल लागायचे आणि काही तासांतच ते संपायचे. गेम बॉयला चारच सेल, आणि दहा तासांहून जास्त खेळा. किंमत कमी, आणि हातातून पडला तरी चालू. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात वितळलेला एक गेम बॉय पुढे कित्येक वर्षं न्यूयॉर्कमधल्या निंटेंडोच्या दुकानात चालू अवस्थेत ठेवला होता. हे सगळं योकोईने एकट्याने केलं असं मात्र नाही. त्याचा सहकारी सातोरु ओकादा याचा त्यात मोठा वाटा होता. साधी गोष्ट आणखी दणकट करायचा आग्रह त्याने धरला. गेम बॉय आणि नंतरचा रंगीत गेम बॉय मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर यंत्रं विकली गेली. १९९६ साली त्याच्यावर ‘पोकेमॉन’ आला, तेव्हा मुळातला गेम बॉय सात वर्षांचा झाला होता. आणि ज्या हेराक्लीजपासून मी सुरुवात केली, त्याच मालिकेतला एक भाग १९९२ साली याच चार छटांच्या पडद्यावर येऊन गेला होता. म्हणजे रूममेटला ज्या चित्रांचं हसू येतं, त्याहून कितीतरी साध्या चित्रांवर पोरांनी ऑलिंपसचे देव ओळखले होते.

आता इथवर वाचून वाटेल की बस, जुनं आणि स्वस्त घेतलं की झालं काम. मलाही तसंच वाटलं होतं. पण योकोईच्या आयुष्यातलं पुढचं पान वेगळं आहे.

१९९५ साली त्याने ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. टेबलावर स्टँडवर ठेवायचं, त्यात डोळे घालायचे आणि आत त्रिमितीय चित्र दिसतं. पडदा फक्त लाल आणि काळा. लालच का? कारण लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारे. भरपूर प्रकाश देणारा निळा एलईडी तेव्हा नुकताच जन्मला होता. त्याच्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, म्हणजे बघा. तर हिशोब योकोईच्या रीतीला धरूनच होता. पण खेळणाऱ्याचं डोकं दुखायचं, डोळे थकायचे. खिशात मावेना, आणि डोळे आत घातल्यावर शेजारच्याला काही दिसेना. लव्ह टेस्टर दोघांना जवळ आणत होता, हे यंत्र माणसाला एकटं पाडत होतं. साधारण ७ लाख ७० हजार यंत्रं विकून ते वर्षभरात बंद झालं. ज्या माणसाची खेळणी कोटींत खपली, त्याच्या नावावर निंटेंडोचं सर्वांत गाजलेलं अपयश लागलं.

शाळेत इकारसची गोष्ट शिकताना आम्हाला तात्पर्य होतं की फार उंच उडू नये. व्हर्च्युअल बॉयबद्दल लिहिणारेही बऱ्याचदा तोच सूर लावतात. मला ते पटत नाही. त्या गोष्टीत इकारसचा बाप डेडलस आहे, त्याच्याकडे कोणी बघतच नाही. क्रीट बेटावर अडकलेला कारागीर. हाताशी होती ती पिसं आणि मेण, त्यातून त्याने उडायचे पंख केले. योकोई त्याच्या जातीचा माणूस वाटतो मला. वस्तू बुडली तरी कारागीर संपत नाही.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी त्याने निंटेंडो सोडली. ३१ वर्षं झाली होती. लोक म्हणाले, अपयशामुळे गेला. त्याने स्वतः ते नाकारलं, स्वतःचं काही करायचं आधीपासून मनात होतं असं सांगितलं. क्योतोमध्येच त्याने कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या यंत्रावर काम सुरू केलं. पुन्हा तोच बाणा. रंग नाहीत, आणि सेल फक्त एक!

ते यंत्र बाजारात आलेलं त्याने पाहिलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या द्रुतगती मार्गावर तो बसलेली मोटार पुढच्या ट्रकवर आदळली. अपघात किरकोळ होता. काय झालं ते पाहायला तो खाली उतरला आणि दुसऱ्या एका गाडीने त्याला उडवलं. वय ५६. मार्च १९९९ मध्ये ‘वंडरस्वान’ नावाने ते यंत्र निघालं. त्याच्यासोबतच्या एका कोड्याच्या गेमला त्याचं नाव दिलं, ‘गनपे’. आतेभावाच्या वस्तूचा माग काढत निघालेली मी इथे येऊन बराच वेळ गप्प बसले. आपण काढलेल्या बटणावर पुढची पंचवीस-तीस वर्षं जगभरची पोरं अंगठे ठेवणार आहेत, हे त्याला कितपत ठाऊक असेल?

आता थोडं माझ्याबद्दल, आणि मग संपवते.

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट घेतला होता. मेसमध्ये चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र. कॅमेरा, महागडा बोर्ड, सगळं मागवलं. पैसे अर्थात बाबांचे. मेसच्या त्या पिवळट उजेडात कॅमेऱ्याने कोणालाच ओळखलं नाही, आणि एका रात्री झोपेत मी सप्लाय उलटा जोडून बोर्ड जाळला. रिव्ह्यूला तीन आठवडे उरले होते. पार्टनर माझ्याशी बोलेना. बाबांना फोन करताना मला रडू फुटलं. ते रागावले नाहीत. फक्त इतकं विचारलं, की मेसमध्ये पोरींना नेमका त्रास कशाचा होतो. हजेरीचा होतो का? मी विचार केला. हजेरीचा त्रास रेक्टर मॅडमना असेल, आम्हाला नव्हता. आमचा त्रास असा की तिसऱ्या मजल्यावरून ताट-वाटी घेऊन खाली यावं आणि बघावं तर ही मोठी रांग!

योकोईबद्दल मी वाचत होते ते नेमके हेच दिवस. मग आम्ही सगळं गुंडाळलं. मेसच्या दारात इन्फ्रारेड सेन्सरच्या दोन जोड्या लावल्या. आधी कोणती किरण तुटते त्यावरून माणूस आत गेला की बाहेर आला ते कळतं. एक साधा मायक्रोकंट्रोलर, आणि जिन्याच्या तोंडाशी दोन सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. आत किती जणी आहेत तो आकडा त्यावर लाल अक्षरांत दिसतो. एकूण खर्च सहाशे रुपयांच्या आत. ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की यात नवीन काय आहे. मला धड उत्तर देता आलं नाही. मार्क बेताचेच पडले.

पण प्रोजेक्ट संपल्यावर ते काढून आणायला गेलो तर मेसच्या काकांनी काढू दिलं नाही. पोळ्या किती टाकायच्या याचा अंदाज येतो म्हणे! आमच्या डोक्यातही नव्हता असा उपयोग त्यांनीच शोधून काढला. आजही तो डिस्प्ले तिथे आहे. दोघी हातात हात घालून गेल्या की तो त्यांना एकच मोजतो. हा दोष मला अजून काढता आलेला नाही, आणि खरं सांगायचं तर फार काढावासाही वाटत नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा न्हाणीघराच्या मागून ती आकडी बाहेर काढली. तार गंजली होती. बाबांनी नवी तार ओवली, मी ब्रेक घट्ट केला. काम करता करता त्यांना योकोईची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि अल्ट्रा हँडच्या पट्ट्या कोणत्या मापाच्या होत्या ते विचारलं. ते मला माहीत नव्हतं. मग त्यांनी एका कागदावर स्वतःच आकृती काढून पाहिली.

यंदा इंटर्नशिपचा फॉर्म भरला. त्यातही वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, फिटर, मेंटेनन्स विभाग. अक्षर जरा मोठंच आलं.

रूममेट, घे तुझा लेख. इस्त्री दे.